दोन हाडं, न कापता

कालवा वसाहतीत पहिला हात लक्ष्मीबाईंचा मोडला. हा मान त्यांचाच आहे आणि तो काढून घ्यायचा माझा अजिबात विचार नाही. पण हात मोडणं वेगळं आणि मोडलेला हात मिरवणं वेगळं. मानवतच्या बाजारात हंगामाच्या पहिल्या कापसाच्या गाडीला हार घालून वाजवत नेतात, तेवढ्या थाटानं त्या बाईनं तो हात वसाहतीतून नेला.

लक्ष्मीबाई म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांचे यजमान तात्याराव आणि आमचे हे, दिनकरराव, कालव्याच्या एकाच ऑफिसात. दोघांची टेबलं शेजारी, दोघांची क्वार्टरं शेजारी आणि दोन्ही अंगणांच्या मधे एक भिंत. भिंत सरकारी असल्यामुळं उंची बेताची. म्हणजे पलीकडचं ऐकू सगळं येतं, दिसत मात्र काही नाही. माणसाला बेजार करायला एवढं पुरतं.

तर लक्ष्मीबाई न्हाणीत घसरल्या. परभणीला जाऊन आल्या त्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पांढराशुभ्र प्लास्टर घालून, हात गळ्यात झोळीत अडकवून. वसाहत लोटली. कुणी लोणचं आणलं, कुणी शिरा. पोरांनी प्लास्टरवर नावं लिहिली. इंजिनियरसाहेबांच्या मंडळींनी तर त्यावर पेनानं मोर काढला. आता मला सांगा, जी बाई आमच्या हळदीकुंकवाला आली तर दारातच टेकते, ती मोडलेल्या हातावर मोर काढायला मांडी घालून बसते!

हेही मी सोसलं असतं. पण तात्याराव रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की ओट्यावर बसायचे, बायकोला पुढ्यात बसवायचे आणि तिची वेणी घालायचे. भर ओट्यावर. येणारेजाणारे थांबून म्हणायचे, "वा तात्याराव, संसार असावा तर असा!" तात्याराव तोंडात दोन आकडे धरून मान हलवायचे.

आमच्या ह्यांना, लग्नाला इतकी वर्षं होऊन, घरात कंगवा कुठं असतो हे माहीत नव्हतं. स्वतःचा भांग ते बोटांनीच पाडतात.

ती वेणी मला भिंतीपलीकडून नुसती ऐकू यायची. "दुखलं का?", "न्हाई हो," "आता डावी बट घेतो." आता, रस्त्यावर उभं राहून बघणं म्हणजे बघणं झालं. तो माझा स्वभाव नाही. पण आपल्याच अंगणात, पाण्याच्या टिपाडाच्या झाकणावर आपण काही कामाला चढलो आणि नजर सहज भिंतीपलीकडं गेली, तर त्याला कोण काय म्हणणार? मी चढले. टाचा उंच केल्या. तात्यारावांचं डोकं दिसलं, आकडे दिसले, वेणीचा शेंडाही दिसला असता, पण तेवढ्यात झाकण एका बाजूला कललं.

हात उजवा होता. मनगटाच्या वर, बांगड्यांच्या जागी, तो असा वाकला होता की मलाच ओळखू येईना. ह्यांनी धावत येऊन विचारलं, "टिपाडावर काय करत होतीस?"

"पापड वाळत घालत होते," मी म्हणाले.

दिवस कलला होता आणि आभाळ भरून आलं होतं. ह्यांनी एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. पुढं काही विचारलं नाही. या माणसाचा हा एक गुण मी मान्य करते.

परभणीला जायचं तर नामांतराच्या मोर्च्यामुळं त्या दिवशी एसट्या डेपोतच उभ्या. गावातले डॉक्टर लग्नाला गेलेले. तेव्हा ऑफिसच्या वॉचमननं, सितारामनं, सांगितलं की कालव्याच्या कडंला मेंढरं घेऊन धनगरांचा वाडा उतरलाय. तिथं भिवराबाई म्हणून आहेत, हाड बसवण्यात त्यांचा हात लय चांगला. मेंढराचंही बसवतात आणि माणसाचंही.

"आधी कुणाचं शिकल्या?" मी कण्हत विचारलं.

"मेंढराचं," सिताराम म्हणाला. "मेंढरू हालत न्हाई, माणूस लय हालतं, असं त्या म्हणत्यात."

भिवराबाई आल्या. उंच, सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चेहऱ्यावर कलेक्टरची ऐट. आल्याआल्या त्यांनी आमच्या ह्यांना बाहेर काढलं. "तुमी जावा. नवरा समोर असला की बाई जास्त वरडती." मग माझ्या हातावरून बोटं फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दोनी बी हाडं गेल्यात."

मला वेदनेनं अंधारी आली होती, तरीपण ते ऐकून मनात कुठंतरी दिवा लागला. लक्ष्मीबाईंचं एकच हाड मोडलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं सगळ्यांना, फोटो दाखवून. एकच!

पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच, की माझा आवाज इतका मोठा आहे हे वसाहतीला तेव्हा कळलं. भिवराबाईंनी हात ओढून जागेवर आणला, उडदाचं पीठ आणि अंड्याचा बलक थापला, वरून बांबूच्या कांबट्या लावल्या आणि लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलं. अंडं आमच्या घरात पहिल्यांदाच आलं, तेही असं हातावर बसून. शेवटची गाठ मारून त्या म्हणाल्या, "ही गाठ मी मारली, मीच सोडणार. मधीच कुणी सोडली तर ते माज्या हाताला बोल लावल्यावानी हाय. ध्यानात ठिव. मेंढरं फिरून हिकडं आली की मी येती."

मी मान हलवली. ह्यांनी पैसे पुढं केले तर त्या दोन पावलं मागं सरल्या. "पैका घेतला तर हातगुण जातो आमचा. गाठ सोडायच्या दिवशी नारळ द्या, बास."

एवढं होईपर्यंत मला वाटत होतं की आता वसाहत लोटेल. वसाहत आलीही. पण उंबऱ्यापर्यंतच. उन्हाळ्याचे दिवस, अंड्याचा बलक आणि उडदाचं पीठ. तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरावरून कावळे घिरट्या घालायला लागले. कुणी शिरा आणला तो दारातच ठेवून गेला. सही करायला प्लास्टर नव्हता. चिंध्यांवर मोर कोण काढणार?

लक्ष्मीबाई मात्र आत आल्या. झोळीतला पांढरा हात सांभाळत, दुसऱ्या हातानं पदर नाकाला लावून. "अगंबाई, पार्वतीवहिनी! प्लास्टर नाही घातला?"

"नाही."

"मग मोडला नसंल हो. लचकला असंल."

"दोन्ही हाडं मोडलीत," मी म्हणाले.

"असं कोण म्हणलं? मेंढरावाली?" त्या हसल्या. हसणं गोडच होतं. "असू द्या. लचकलेलं बी दुखतंच की. कांद्याचा शेक द्या."

त्या गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ऐकलंत?" हे म्हणाले, "काय?" नवऱ्यांना शेजारणीचं बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही.

त्यावर मीठ म्हणून त्याच आठवड्यात लक्ष्मीबाईंच्या औषधपाण्याचं बिल ऑफिसात मंजूर झालं. तात्यारावांनी पेढे वाटले. बिल मंजूर झालं म्हणून पेढे! मला पेढ्यातला 'प' गिळवेना. कारण मला त्याचा खरा अर्थ कळला होता. लक्ष्मीबाईंचा हात मोडला, हे आता सरकारनं मान्य केलं. साहेबाची सही, शिक्का, सगळं. आणि माझा? सरकारदरबारी माझा हात मोडलेलाच नव्हता. लचकलेलाही नव्हता. मी आपली उगीच वास मारत बसले होते.

"आपण बिल टाकायचं," मी जाहीर केलं.

"कशाचं?" हे म्हणाले. "खर्च कुठं झाला? त्या बाईनं तर पैसेच घेतले नाहीत."

"अंडी?"

"अंड्यांचं बिल वैद्यकीय खर्चात येत नाही."

"मग मोडल्याचं टाका. खर्च नको मला त्यांचा. मोडलाय एवढं लिहून द्या म्हणावं."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. ते फार अडचणीत आले की चष्मा पुसतात. पण त्या रात्री जेवताना मला डाव्या हातानं भाकरी मोडता येईना, आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते भाकरीमुळं नव्हतं हे त्यांना कळलं असावं. सकाळी म्हणाले, "परभणीला चंद्रभान आहे बिलाच्या टेबलावर. विचारू त्याला."

चंद्रभान हा माणूस बिलं तपासत नाही, तो ती वाचून रंगतो. आम्ही समोर बसलो तशी त्यानं आधी खिडकी उघडली (वासामुळं) आणि मग एक जाडजूड परिपत्रक काढलं. "बाई," तो म्हणाला, "हात मोडणं वेगळं आणि मोडलेला हात नोंदीला लागणं वेगळं. कोणत्या कलमात बसतो त्यावर सगळं. हे बघा. एक हाड, न कापता, न हलवता. त्याच्यावर, दोन हाडं, न हलवता. त्याच्यावर एक हाड, न कापता, पण ओढून जागेवर आणलेलं. आणि न कापलेल्यांत सगळ्यात वर…" त्यानं बोट टेकवलं. "दोन हाडं, न कापता, ओढून जागेवर आणलेली."

"हेच," मी खुर्चीतून पुढं सरकले. "हेच माझं."

"याच्यावर कापून बसवलेल्यांचं हाय," चंद्रभान म्हणाला. एक क्षण मला त्या कापलेल्या माणसांचाही हेवा वाटला, पण मी मन आवरलं. माणसानं किती हाव करावी!

"आमच्या शेजारच्या तात्यारावांच्या बिलाचं कोणतं कलम लागलं होतं हो?"

"ते गोपनीय असतं," चंद्रभान म्हणाला आणि लगेच पुढं वाकला. "एक हाड, न हलवता. पार तळाचं कलम. नुसतं लेप दिल्यासारखं."

परभणीच्या त्या कळकट खोलीत मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. तळाचं कलम! आणि त्यावर पेढे!

"पण पुरावा?" चंद्रभान म्हणाला. "फोटो कुठाय हाडाचा? दवाखान्याचा दाखला?"

म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. तिथं रांग होती, रांगेत एकाला विंचू चावलेला, एकाच्या कानात ज्वारीचा दाणा गेलेला. त्या सगळ्यांनी मला वासामुळं पुढं जाऊ दिलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि ड्रेसरला म्हणाले, "आधी हे काढा."

"अहो, पण त्या बाईंनी सांगितलंय की गाठ त्याच…" असं मी म्हणेपर्यंत ड्रेसरची कात्री चालली होती. मी खरं तर आणखी जोरात म्हणू शकले असते. हाड बसवताना माझा आवाज वसाहतभर गेला होता, तो मला काढता आला असता. पण कांबट्यांच्या जागी पांढरं काही येणार असेल तर, असं माझ्या मनात आलं, आणि आवाज आपोआप लहान झाला. भिवराबाईंची गाठ बादलीत पडली.

फोटो निघाला. दोन्ही हाडं मोडलेली, दोन्ही सांधायला लागलेली, पण अजून कच्ची. डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस प्लास्टर घालू या." मी डोळे मिटून हात पुढं केला. नवरीला हिरवा चुडा भरतात तेव्हा तिला काय वाटत असेल, ते मला दुसऱ्यांदा वाटलं.

परत येताना मी तो फोटो एसटीच्या खिडकीला लावून धरला, म्हणजे उजेडात सगळ्यांना नीट दिसावा. कंडक्टरनं बघितला. मागच्या बाकावरच्या आजोबांनी तो उलटा धरून "मुळा चांगला पोसलाय" म्हटलं. शेवटी ह्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि हळूच म्हणाले, "दोन आहेत गं. केवढं दुखलं असंल तुला." मग लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं नुसतं उन्हानं भाजलेलं काळं रान होतं.

वसाहतीत मी फाटकापासून चालत आले. मुद्दाम सावकाश. तर बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायकांनी बघितलं आणि एकजण म्हणाली, "अय्या, लक्ष्मीबाईंचा प्लास्टर आजच निघाला. तोच तुम्हाला बसवला का?"

जणू लग्नातली पैठणी होती, थोरलीची धाकटीला!

लक्ष्मीबाईंचा हात मोकळा झाला होता आणि आता त्या ओट्यावर बसून रबरी चेंडू दाबत होत्या. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणे. सगळी पोरं त्यांच्याभोवती. चेंडू तर माझ्याकडं नव्हता. प्लास्टरवर सही करायला इंजिनियरसाहेबांच्या मंडळींना निरोप धाडला, तर त्या माहेरी गेल्या होत्या. शेवटी सितारामनं सही केली, तीही इतकी मोठी की दुसऱ्याला जागा उरली नाही.

आणि वेणी? तीही सांगते. त्या संध्याकाळी हे ऑफिसातून आले, पुढचं दार लावलं, मागचं लावलं, आणि फळीवरून कंगवा काढला. म्हणजे कंगवा कुठं असतो ते त्यांना माहीत होतं! "बस," म्हणाले. स्वयंपाकघरात, चुलीपाशी. त्यांनी तीन बटा केल्या, त्यांच्या चार झाल्या, पुन्हा तीन केल्या. एवढा गुंता त्यांनी आयुष्यात फायलीतही सोडवला नसेल. शेवटी बांधायला खिशातून काय काढलं? लाल फीत! ऑफिसच्या फायली बांधतात ती. ज्या माणसानं कधी सरकारी टाचणी घरी आणली नाही, त्यानं बायकोच्या वेणीसाठी फीत आणली होती. बांधलीही फाईल बांधतात तशीच, दोनदा गुंडाळून वर फासा.

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "ओट्यावर बसायचं का?"

"लोकं बघतील," हे म्हणाले.

"बघू द्या की!"

"नाही बुवा. मला लाज वाटते."

तात्यारावांना वाटत नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढंच गिळलं. पण मनातून खट्टू झाले ते झालेच. दार लावून घातलेली वेणी म्हणजे कुणाला न सांगता केलेलं हळदीकुंकू. रोज संध्याकाळी तसंच. दार बंद, कंगवा, लाल फीत. फक्त स्वयंपाकघराची अंगणाकडची खिडकी तेवढी उघडी राहायची. ती फुगल्यामुळं लागतच नाही.

इकडं बिल चंद्रभानकडून परत आलं. बरोबर दोन ओळींचा शेरा. दवाखान्यानं नुसता प्लास्टर घातला, हाड हलवलं नाही. सबब 'ओढून जागेवर आणलेली' हे कलम लागू होत नाही. हे पुन्हा परभणीला गेले. चंद्रभान म्हणाला, "दिनकरराव, तुमच्यासाठी एक वाट काढतो. दवाखाना बंद होता, तातडीची बाब म्हणून शेरा मारू. पण ज्यानं हाड ओढलं, त्याचा दाखला पाहिजे. सही येत नसंल तर अंगठा चालंल."

म्हणजे आता माझी दोन हाडं भिवराबाईंच्या अंगठ्यात अडकली होती. अंगठा मिळाला तर मी सगळ्यात वरच्या कलमात. नाही मिळाला तर न हलवलेल्यांमध्ये, लक्ष्मीबाईंच्या एक पायरी वर फक्त. एका पायरीसाठी एवढे हाल कोण काढतं?

मेंढरं फिरून आली त्या संध्याकाळी भिवराबाई दारात उभ्या राहिल्या. मी नारळ तयार ठेवला होता. ह्यांनी दाखला लिहून फाईलच्या पुठ्ठ्यावर ठेवला होता आणि शाईचं पॅड उघडून बसले होते, शाळेच्या परीक्षेला बसावं तसे.

"कुटं हाय माजी गाठ?" भिवराबाईंनी विचारलं.

मी पांढरा हात पुढं केला.

भिवराबाई ओट्यावर बसल्या आणि तमाखू मळायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग एकदम म्हणाल्या, "ह्यो चुना कुणी फासला?"

"दवाखान्यात. फोटोसाठी काढावंच लागलं हो."

"माज्यावर इश्वास न्हवता तर मग बोलिवलं कशाला? मी बसिवलेलं हाड, आन् नाव चुनावाल्याचं! त्येच्यावर सई बी घेतलीस कुणाची तरी."

"सितारामची आहे."

"माजी कुटं हाय?"

तेव्हा मला कळलं. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणजे रागावल्या होत्याच, पण आतून जळत होत्या. ते मी ओळखते. त्या रोगाची मी जुनी पेशंट आहे.

ह्यांनी घसा साफ केला. "बाई, तुमच्याच नावाचा हा दाखला आहे. सरकारला कळवायचंय, की हाड तुम्ही बसवलं. नुसता अंगठा द्या."

"सरकारला कळून काय हुतंय? मेंढराला कळलं का?" त्या म्हणाल्या. "हे फोड. माज्या कांबट्या परत लाव. गाठ मी मारती, मी सोडती, मंग अंगटा देती."

"प्लास्टर फोडू?" माझा आवाज चिरकला. एकीकडं पांढरा हात, दुसरीकडं वरचं कलम. "अहो, डॉक्टरांनी…"

आणि तेव्हाच आमच्या भिंतीपलीकडं धाडकन काहीतरी पडलं. पत्र्याचा आवाज, पाण्याचा आवाज आणि त्यात लक्ष्मीबाईंची किंकाळी.

आम्ही धावलो. त्यांच्या अंगणात टिपाड आडवं, झाकण गडगडत न्हाणीपाशी गेलेलं, आणि चिखलात लक्ष्मीबाई. उजवं मनगट छातीशी धरून. तात्याराव घरातून पंचा सावरत आले. "अगं, टिपाडावर काय करत होतीस?"

लक्ष्मीबाईंनी माझ्याकडं बघितलं. "पापड," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली. त्या टिपाडावर उभं राहिलं की भिंतीवरून सरळ आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. जी लागत नाही ती.

भिवराबाई केव्हाच चिखलात बसल्या होत्या. "हात दाव. वरडू नगंस. कांबट्या कुटं हायत? न्हाई? मंग कायतरी ताठ आना." कुणी काही आणीपर्यंत त्यांनी आमच्या ह्यांच्या हातातला पुठ्ठा ओढला. हे आपले फाईल घेऊनच धावत आले होते. दाखला, फोटो, शेरे मारलेलं बिल, सगळं चिखलात पसरलं. पुठ्ठा दुमडून मनगटाखाली बसला. "आन् बांधायला?"

मी वळून पाठ केली. ह्यांनी वेणीची फीत सोडून त्यांच्या हातात दिली. मोकळे केस घेऊन मी तशीच उभी, भर अंगणात.

भिवराबाई बांधत असताना मी खाली वाकले, तशा लक्ष्मीबाई माझ्या कानाशी आल्या. कळ सोसत हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या ह्यांना वेणी घालता येत नाही हो. तरी रोज घालतात. दार लावून."

"तात्याराव तर किती छान घालतात," मी म्हणाले.

"ओट्यावर. लोकं असतात तवर. घरात आले की कंगवा माझ्याच हातात देतात. एका हातानं घालायचे मी उरलेली."

इतक्या संध्याकाळी मी त्या वेणीसाठी जळले, आणि पलीकडं हे.

भिवराबाईंनी फासा आवळला, मनगट चाचपलं आणि मला जवळ ओढून पुटपुटल्या, "मोडलं न्हाई. लचकलंय निस्तं."

लचकलंय! हा शब्द आता माझ्या तोंडात होता. किती दिवस मी त्याची वाट बघितली होती. फाटकापाशी बायका जमल्या होत्या, बोअरिंगवरच्या, 'तोच बसवला का' म्हणणारी तीपण. "मोडला का हो?" त्यांनी विचारलं. लक्ष्मीबाईंनीही ऐकलं असावं भिवराबाईंचं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर असंच बघितलं असतं.

पायाशी माझं बिल चिखल पीत होतं.

"मोडला," मी मोठ्यानं म्हणाले. "दोन्ही हाडं. बाईंनी ओढून जागेवर आणलीत."

भिवराबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग बायकांकडं, आणि कलेक्टरसारखी मान हलवली. "दोन," त्या म्हणाल्या. "लय अवघड हुतं."

लक्ष्मीबाई रडायला लागल्या. कळीनंच असेल.

"तात्याराव," मी म्हटलं, "कंगवा घ्या. आता पुष्कळ दिवस तुम्हालाच घालावी लागंल." ते सवयीनं ओट्याकडं निघाले, तशी मी त्यांना हाक मारली. "तिकडं नाही. आत. आणि दार लोटून घ्या."